जनावराच्या पोटात पाणी होतं म्हणजे नेमकं काय होतं?

2025च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने कहर केला. सीना, मांजरा, बिंदुसरा, गोदावरी पात्र सोडून शेतात आणि गोठ्यांत शिरल्या. किती जनावरं वाहून गेली याचे पंचनामे झाले, बातम्याही आल्या. जी वाचली त्यांच्याबद्दल मात्र पुढे कुणी फारसं लिहीत नाही. अशा ओल्या सालानंतर, दिवाळीपासून पार शिमग्यापर्यंत, जनावरांच्या दवाखान्यात एक तक्रार वरचेवर येते. शेळी खंगत चालली, पाठीचं हाड दिसायला लागलं, आणि पोट मात्र सुटलंय. जबड्याखाली मऊ पिशवी लोंबतेय. सोबत आलेल्या मालकाचं म्हणणं ठरलेलं असतं, "साहेब, पोटात पाणी झालंय, तेवढं सुईनं काढून द्या."

पाणी झालंय हा त्याचा अंदाज बहुधा बरोबर असतो. घोळ आहे तो "तेवढं काढून द्या" या मागणीत. पाणी हा स्वतः आजार नाही. ते दुसऱ्याच कुठल्या तरी बिघाडामुळे साचतं, आणि तो बिघाड यकृतात, हृदयात, रवंथ करणाऱ्या जनावराच्या चार पोटांपैकी चौथ्यात किंवा मूत्राशयात कुठेही असू शकतो. तो तसाच ठेवून पाणी काढलं तर आठवड्याभरात पोट पुन्हा तेवढंच होतं.

आधी ते पाणीच आहे का, हे पाहा

पोट मोठं दिसलं की लगेच पाणी समजू नये. ओला लसूणघास भरपेट खाल्ल्यावर जी पोटफुगी होते ती वायूची. त्यात डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा खळगा, तासाभरात वर येते, टिचकी मारली की पोकळ आवाज येतो, आणि जनावर कासावीस होतं. तिथे थांबायला वेळ नसतो, डॉक्टर ताबडतोब हवा. गाभण जनावराचं पोट उजव्या बाजूने खाली उतरतं, पण ते महिन्या-महिन्याने, आणि कासही सोबत भरत जाते. क्वचित एखाद्या गाभण गाईचं पोट शेवटच्या महिन्यांत दोन-तीन आठवड्यांत अफाट वाढतं. तेव्हा पाणी पोटाच्या पोकळीत नसून गर्भाच्या पिशवीत साचलेलं असतं, आणि ते शंभर लिटरच्याही पुढे जाऊ शकतं. ते प्रकरण वेगळं, त्याचे उपाय वेगळे.

पोकळीतलं पाणी हळूहळू वाढतं आणि दोन्ही बाजूंना सारखं, खालच्या अंगाला उतरतं. वर बरगड्या आणि माकडहाड उघडं पडलेलं, खाली पोट सुटलेलं. शेळीच्या एका कुशीवर तळवा टेकवा आणि दुसऱ्या कुशीवर बोटांनी हलकी थाप मारा. पाणी असेल तर थापेची लाट टेकवलेल्या तळव्याला जाणवते. जबड्याखालच्या पिशवीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरला आणि उचलल्यावर खळगा तसाच राहिला, तर ती गाठ नव्हे, पाणी आहे.

पाणी साचतं ती जागा

शरीरात तीन मोठ्या बंद पोकळ्या आहेत. एक पोटाची, जिच्यात आतडी आणि यकृत असतं. दुसरी छातीची, फुप्फुसांभोवती. तिसरी हृदयाभोवतीची पिशवी. तिघींनाही आतून पातळ पडद्याचं अस्तर असतं आणि त्यात जेमतेम ओलावा राहील इतकाच द्रव असतो, म्हणजे अवयव एकमेकांवर घासत नाहीत. हा द्रव गरजेपेक्षा खूप वाढला की पाणी झालं म्हणायचं. पोटात साचला तर जलोदर. बाकी दोन ठिकाणांना छातीत पाणी आणि हृदयाभोवती पाणी असंच म्हणू, कारण त्यांची जड नावं लक्षात ठेवून कुणाचं भलं होत नाही.

कालव्याखालची चिबड जमीन

जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात, जालना-परभणीकडे, चिबड रान म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. शेतात कुणी पाणी सोडलेलं नसतं, तरी वाफ्यात पाणी उभं राहतं. कारणं ठरलेली. कालवा गरजेपेक्षा जास्त भरून चाललाय, कालव्याचं अस्तर फुटलंय, किंवा पाणी निघून जायची चर बुजलीय.

रक्तवाहिन्यांचंही असंच आहे. केसापेक्षा बारीक केशवाहिन्यांतून रक्तातलं पाणी सतत बाहेर झिरपतं, आणि ते झिरपायलाच हवं, कारण पेशींना अन्न त्यातूनच मिळतं. झिरपलेलं बरंचसं पाणी परत रक्तात ओढलं जातं. उरलेलं लसिकावाहिन्या, म्हणजे शरीरातल्या चरा, गोळा करून रक्तात नेऊन सोडतात. हा ताळेबंद अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1896 मध्ये मांडला, आणि जलोदर समजून घ्यायला तो आजही उपयोगी पडतो.

हृदय थकलं किंवा यकृत निबर झालं की रक्त मागे तुंबतं, वाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी जास्त झिरपतं. जंतुसंसर्गाने सूज आली की वाहिन्यांचं अस्तरच सच्छिद्र होतं. गाठीने लसिकावाहिनी दाबली गेली की निचरा थांबतो. एक कारण मात्र कालव्याच्या उपमेत बसत नाही. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं आणि ते पाण्याला वाहिनीत धरून ठेवतं. कालव्याच्या पाण्यात असं काही नसतं. अल्ब्युमिन यकृतात तयार होतं. ते कमी पडलं की दाब, अस्तर, चर सगळं ठीक असूनही पाणी बाहेर पडतं. शेळ्यांमध्ये बहुतेक वेळा गाडी इथेच अडते.

शेळी: खाते जंत, दिसतं पाणी

उस्मानाबादी शेळी काटक म्हणून नावाजलेली, पण जंतांपुढे तिचंही फार चालत नाही. दोन जंत महत्त्वाचे.

पहिला हिमॉंकस. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, लाल-पांढऱ्या पिळाचा हा गोल जंत शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा किरकोळ वाटतो. पण हजार जंत असले तर रोजचं 50 मिलिलिटर झालं, आणि तीस किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून दोन-सव्वादोन लिटरच रक्त असतं. रक्ताबरोबर अल्ब्युमिनही जातं. शेळी दिवसभर मान खाली घालून चरते, म्हणून पाणी आधी जबड्याखाली उतरतं. संध्याकाळी पिशवी मोठी दिसते आणि सकाळी ओसरलेली असते. त्यावरून कित्येकांना वाटतं शेळी बरी झाली. दुपारनंतर ती पुन्हा भरते.

दुसरा पर्णकृमी, चपटा आणि पानाच्या आकाराचा. आपल्याकडे आढळणारी त्याची जात सात सेंटिमीटरपर्यंत वाढते. त्याच्या आयुष्याचा एक टप्पा पाण्यातल्या गोगलगाईत जातो. तिथून बाहेर पडलेली पिल्लं पाणवठ्याच्या काठच्या गवताला चिकटून बसतात आणि गवताबरोबर जनावराच्या पोटात जातात. पाझर तलावाचा काठ, कालव्याची बाजू, ओढ्याचं डबकं, या त्यांच्या जागा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या काठावर हिरवं गवत असतं आणि बाकी रान सुकायला लागलेलं असतं, त्यामुळे जनावरं तिकडेच ओढ घेतात. पोटात गेलेली पिल्लं यकृत पोखरत पित्तनलिकांपर्यंत पोचतात. अंडी घालण्याइतकी मोठी व्हायला त्यांना तीन-चार महिने लागतात. म्हणून पूर सप्टेंबरात येतो आणि पोट संक्रांतीनंतर दिसतं.

पर्णकृमी दोन्हीकडून मारतो. यकृताला व्रण पडून ते घट्ट होतं, मग रक्त मागे तुंबून दाब वाढतो. शिवाय अल्ब्युमिन बनवणारा कारखानाच बिघडलेला, वर रक्त शोषणं चालूच. जुन्या आजारातल्या गाईचं यकृत शवविच्छेदनात कापलं तर सुरी पित्तनलिकेवर करकरते, कारण नलिकेच्या भिंतीत चुना साठलेला असतो. नलिका दाबली की तपकिरी चिखलट पित्तासोबत पानासारखे कृमी बाहेर येतात. एकदा पाहिलेला पशुपालक पुन्हा तळ्याकाठी जनावरं सोडताना विचार करतो.

गाय: गिळलेली तार

गाय घास चावून-चाळून खात नाही, गिळते आणि मग रवंथ करते. कडबाकुट्टीत सापडून तुटलेली तार, बांधकामावरची बाइंडिंग वायर, खिळा, सुई, सगळं वैरणीबरोबर आत जातं आणि जाळीपोटात, म्हणजे दुसऱ्या पोटात, पडतं. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये फक्त श्वासपटल आणि काही सेंटिमीटरचं अंतर आहे. जाळीपोट आकसलं की तार पुढे सरकते.

सुरुवातीला गाय एकाएकी दूध आटवते. पाठ कमानदार करते, पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढून उभी राहते, उतारावर चालायला नाखूश असते, बसता-उठता कण्हते. तार हृदयाच्या पिशवीत शिरली की तिथे दुर्गंधी पाणी आणि पू साचतो, आणि हृदयाला फुलायला जागा उरत नाही. रक्त मागे तुंबतं, मानेची शीर टरारून उभी राहते, गळ्याखालची पोळी पाण्याने भरते. छातीला स्टेथोस्कोप लावला की ठोक्यासोबत पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो.

स्पष्टच सांगतो, गाय या अवस्थेला पोचल्यावर तिच्यावर खर्च करण्यात क्वचितच अर्थ असतो. तार अजून जाळीपोटातच असताना, पहिल्या काही दिवसांत, शस्त्रक्रियेने ती काढता येते. त्याहून सोपा उपाय म्हणजे पशुवैद्यकाकडून निरोगी जनावराला आधीच गिळवलेलं लोहचुंबक. ते जाळीपोटात जन्मभर पडून राहतं आणि तारा स्वतःला चिकटवून घेतं. देवणी किंवा लाल कंधारी गाईची किंमत पाहता हे चुंबक स्वस्तात पडतं, आणि तरी ते दिलेलं जनावर आपल्याकडे विरळाच भेटतं.

बैल, रेडकू, बोकड: हे पाणी नाहीच

ओल्या सालात पर्णकृमी, तर कोरड्या सालात मुतखडा. थंडीत गार पाणी नको वाटतं, उन्हाळ्यात टँकरचं पुरत नाही, त्यात पेंड-कोंडा जास्त आणि हिरवं कमी. लघवी दाट होते आणि खडे धरतात. नराची मूत्रनलिका लांब, अरुंद आणि वळणाची, त्यामुळे खडा तिथेच अडकतो. जनावर शेपटी उचलून कुंथतं, थेंब-थेंब गाळतं.

मग एक दिवस ते अचानक शांत होतं आणि कुंथणं थांबतं. मालकाला हायसं वाटतं. प्रत्यक्षात मूत्राशय फुटलेलं असतं आणि लघवी पोटाच्या पोकळीत जमायला लागलेली असते. दोन-चार दिवसांत पोट दोन्ही बाजूंनी खाली भरतं आणि विष अंगात भिनून जनावर जातं. "लघवी तुंबली" एवढं कळलं त्याच दिवशी धावपळ करायला हवी. मूत्राशयात नळी बसवण्याची शस्त्रक्रिया आता बऱ्याच ठिकाणी होते आणि वेळेत केली तर रेडकं वाचतात.

शेडमधल्या कोंबड्या

ब्रॉयलर पक्षी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातो. मांस वाढतं त्या वेगाने फुप्फुस वाढत नाही. डिसेंबरच्या थंडीत पिल्लांना ऊब मिळावी म्हणून शेडचे पडदे गच्च बांधले जातात. आत अमोनिया कोंडतो, प्राणवायू कमी पडतो. फुप्फुसांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू दमते, यकृतावर ताण येतो आणि पोटात पिवळसर पाणी साचतं. हा पाणीपोटाचा आजार एका पक्ष्याकडून दुसऱ्याला लागत नाही. वरच्या बाजूने हवा खेळती ठेवणं आणि वाढीचा वेग थोडा आवरणं, हेच मुख्य काम.

पाणी फक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत दिसलं आणि तीन-चार आठवड्यांचे पक्षी पटापट मरायला लागले, तर शंका वेगळी. तो विषाणूचा आजार. 1987 मध्ये कराचीजवळच्या अंगारा गोठ इथे तो प्रथम नोंदला गेला, आपल्याकडे त्याला लिची रोग म्हणतात. तो पसरतो. त्यावर लस आहे.

कुत्र्या-मांजरांचं थोडक्यात. कुत्र्याचं हृदय उजवीकडून थकलं किंवा यकृत बिघडलं की पोटात पाणी होतं. मांजरात हृदयाचा आजार बहुधा छातीतल्या पाण्याने कळतो. तरुण मांजराच्या पोटात घट्टसर पिवळं पाणी आणि न उतरणारा ताप असेल तर एका कोरोना विषाणूच्या आजाराची शंका घेतात. हा विषाणू कोविडचा नव्हे. पूर्वी त्यातून मांजर वाचत नसे, आता विषाणूरोधक औषधांनी पुष्कळ वाचतात.

मग डॉक्टर सुई कशाला घालतात?

तपासायला. जागा साफ करून पोटाच्या तळाशी सुई घालतात आणि चमचाभर पाणी काचेच्या नळीत घेतात. नळी उजेडात धरली की निम्मी गोष्ट कळते. स्वच्छ, पाण्यासारखं असेल तर अल्ब्युमिन कमी. गढूळ, घाण वासाचं, गुठळ्यांचं असेल तर आत पू. लाल असेल आणि गोठत नसेल तर आत रक्तस्राव. नळी जरा कोमट केली आणि लघवीचा वास आला तर मूत्राशय फुटलंय.

पुढचं प्रयोगशाळेत. प्रथिन 100 मिलिलिटरला अडीच ग्रॅमच्या आत आणि पेशी थोड्या, म्हणजे पाणी नुसतं झिरपलंय. प्रथिन आणि पेशी दोन्ही खूप, म्हणजे संसर्ग किंवा सूज. फुटलेल्या मूत्राशयासाठी क्रिएटिनिन, म्हणजे लघवीतून बाहेर पडणारा एक टाकाऊ घटक, मोजतात. पोटातल्या पाण्यात ते रक्ताच्या दुप्पट किंवा जास्त निघालं की शंका उरत नाही. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अडलेली प्रकरणं तिकडे पाठवता येतात.

"सगळंच काढून टाकलं तर काय बिघडतं?"

पाण्याबरोबर प्रथिन जातं. तीस किलोच्या कुत्र्याच्या पोटातून पाच लिटर पाणी काढलं आणि त्यात 100 मिलिलिटरला दोन ग्रॅम प्रथिन असलं, तर 100 ग्रॅम प्रथिन बाहेर गेलं. त्या कुत्र्याच्या रक्तात एका वेळी सगळं मिळून साधारण 90 ग्रॅम असतं. वर पोटातला दाब झटक्यात उतरून जनावर कोसळूही शकतं. श्वास घेता येत नसेल तर थोडं पाणी काढतात, तेही सावकाश. छातीतल्या पाण्याचा नियम उलटा. तिथे श्वास अडत असेल तर पाणी आधी काढायचं आणि तपासण्या मागाहून.

लघवी वाढवणारं इंजेक्शन हृदयाच्या आजारात उपयोगी आहे. जंतांनी पोखरलेल्या शेळीला ते वारंवार दिलं तर पाणी घटल्यासारखं दिसतं, शेळी मात्र आणखी खालावते. पिण्याचं पाणी तोडणं तर साफ चूक. मुतखड्याची सुरुवातच त्यातून होते.

"जंताचं औषध दिलं होतं की!"

कुठलं दिलं होतं? आयव्हरमेक्टिन गोल जंतांवर चालतं, पर्णकृमीवर त्याचा काही परिणाम होत नाही. त्यासाठी ऑक्सिक्लोझानाइड, ट्रायक्लाबेंडाझोल अशी वेगळी औषधं आहेत. त्यातही ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः मोठ्या झालेल्या कृमींवर काम करतं, यकृत पोखरणारी पिल्लं त्यातून सुटतात. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या सुरुवातीला देऊ नये. वजन न करता सगळ्या कळपाला अंदाजे घोट पाजला तर मोठ्या शेळ्यांना औषध कमी पडतं आणि उरलेले जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात. दुभत्या जनावराला कुठलं चालतं आणि दूध किती दिवस विकायचं नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

शेण किंवा लेंड्या तपासायला नेताना "पर्णकृमीची शंका आहे" असं तोंडाने सांगा. गोल जंतांची अंडी द्रावणात तरंगवून शोधतात, पर्णकृमीची अंडी जड असतात आणि तळाशी बसतात. पद्धत चुकली तर अहवाल कोरा येतो. आणि कृमी अजून लहान असतील तर अंडी मुळातच नसतात, म्हणून कोऱ्या अहवालावर पूर्ण विसंबू नका. शेळीची खालची पापणी दर पंधरवड्याला ओढून पाहा. आतला रंग लालसर असेल तर ठीक, पांढुरका पडला असेल तर जबड्याखाली पिशवी यायची वाट पाहू नका.

"मेलं तर खाता येईल का? आम्हाला लागेल का?"

पोकळीतलं पाणी कुणाला लागत नाही, पण ते ज्या आजारामुळे साचलं तो लागणारा असू शकतो, उदाहरणार्थ क्षय. म्हणून असं मांस खाऊ नये. यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या बंद पिशव्या दिसल्या तर ते जलोदराचं पाणी नव्हे, कुत्र्याच्या एका फीतकृमीचं पिल्लू त्यात वाढत असतं. ते अवयव कुत्र्यांपुढे टाकले की कुत्र्याच्या विष्ठेतून त्या फीतकृमीची अंडी माणसापर्यंत येतात. खोल पुरा किंवा जाळा.

पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या. 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करता येतो किंवा तालुक्याच्या दवाखान्यात कळवता येतं. विमा असेल तर दाव्यासाठी तो अहवाल आणि कानातला बिल्ला लागतोच. नसला तरी करून घ्या, कारण मेलेल्या शेळीच्या यकृतात पर्णकृमी निघाले तर त्याच काठावर चरलेल्या बाकीच्या शेळ्यांच्या पोटातही ते असणार, आणि त्यांची पोटं अजून दिसायला लागलेली नसतात.